वाचकांचे प्रश्न : स्वस्तातल्या जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचा संग्रह

गेल्या अंकात जुन्या घरगुती विद्युत उपकरणांविषयी लिहिताना व्हॅक्यूम क्लीनरचा विषय आम्ही एका परिच्छेदात उरकला होता. त्यावर आलेली बहुतेक पत्रे नामांकित आणि भारी यंत्रांबद्दल असतील असे वाटले होते. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक वाचकांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या, त्या काळीही स्वस्त म्हणूनच खपलेल्या प्लॅस्टिकच्या यंत्रांबद्दल विचारले आहे. म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसन येथे राहतो. गॅरेज सेलमधून आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांतून मी रेजिना, युरेका, डर्ट डेव्हिल अशी अगदी थोड्या डॉलरांत मिळणारी यंत्रे जमवते. ओळखीचे संग्राहक त्यांना नाक मुरडतात आणि घरचे म्हणतात की मी पैसे देऊन कचरा आणते. अशा यंत्रांना संग्रहमूल्य असते का? (एक वाचक, एडिसन)

उत्तर : असते, मात्र ते कर्बी किंवा इलेक्ट्रोलक्स अशा महागड्या यंत्रांच्या मापाने मोजायला गेलात तर निराशा पदरी येईल. हा फरक समजण्यासाठी ही यंत्रे घरात कशी शिरली ते थोडे पाहावे लागते. १९०१ साली इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी धूळ ओढून घेणारे जे यंत्र उभारले, ते घोडे जुंपून दारापर्यंत आणावे लागे, रस्त्यावरच उभे राही आणि त्याचे लांबलचक पाइप खिडक्यांतून आत सोडले जात. ते कोणी विकत घेत नसे, सफाईपुरते बोलावत असे. घरात मावेल असे यंत्र अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कँटन येथे, जेम्स मरे स्पँग्लर या सफाई कामगाराने जमवले. त्याला दम्याचा त्रास होता आणि झाडताना उडणारी धूळ सोसत नव्हती, म्हणून त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांची सांगड घातली. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले आणि जवळच्याच गावात चामड्याच्या सामानाचा धंदा करणाऱ्या विल्यम हूव्हर यांनी त्याचे हक्क घेतले.

त्यानंतरची कित्येक दशके हे यंत्र मध्यमवर्गीय कुटुंबाला महागच होते. विक्रेता दारात येई, गालिच्यावर मुद्दाम माती सांडून ती ओढून दाखवी आणि हप्ते बांधून देऊन जाई. एवढे पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला ते आयुष्यभर टिकेल अशी खात्री द्यावी लागत असल्यामुळे ओतीव ॲल्युमिनियमची बॉडी, धातूचा पंखा, बॉल बेअरिंग आणि प्रत्येक भाग सुटा मिळण्याची सोय या गोष्टी त्या किमतीतच धरलेल्या होत्या. अशी यंत्रे टिकली, दुरुस्त होत राहिली, नातवंडांपर्यंत पोहोचली, आणि म्हणूनच ती आजही भरपूर सापडतात. चाळीसच्या दशकातला एखादा इलेक्ट्रोलक्स शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत.

चित्र बदलले ते दुकानांमुळे. केमार्ट, वॉलमार्ट आणि टार्गेट या तिन्ही सवलतीच्या दुकानांची सुरुवात अमेरिकेत १९६२ या एकाच वर्षी झाली. फळीवर ठेवलेल्या यंत्राशेजारी माती सांडून दाखवणारा विक्रेता नसतो. तेथे रंग, खोक्यावरचे चित्र आणि मोठ्या अक्षरांत छापलेला अँपिअरचा किंवा अश्वशक्तीचा आकडा यांनाच बोलावे लागते. किंमत खाली आणण्यासाठी धातूच्या जागी प्लॅस्टिक आले, बॉल बेअरिंगच्या जागी बुश (आस ज्यात फिरतो ती साधी नळी) आले आणि दुरुस्तीपेक्षा नवे घेणे परवडावे असा सगळा हिशेब बदलला. क्लीव्हलंडच्या रॉयल कंपनीचे उदाहरण पाहा. वर्षानुवर्षे चकाकत्या धातूची यंत्रे बनवणाऱ्या याच कंपनीने १९८४ साली लालभडक प्लॅस्टिकचा छोटा ‘डर्ट डेव्हिल’ बाजारात आणला, टीव्हीवर त्याची जाहिरात केली आणि पाहता पाहता तो घरोघर पोहोचला. रॉयलचे जुने धातूचे यंत्र आणि हा लाल डर्ट डेव्हिल एका फळीवर शेजारी ठेवले, तर त्या उद्योगाचा अर्ध्या शतकाचा प्रवास शब्दाविना दिसतो.

आपल्या बाबतीत तर आणखी एक योग आहे. रेजिना कंपनी आपल्याच राज्यातली. तिचा कारखाना रॉवे येथे, म्हणजे एडिसनपासून मोटारीने थोड्याच अंतरावर होता. ती १८९२ साली संगीतपेट्या बनवण्यासाठी निघाली. तिच्या लाकडी पेट्यांना आजही लिलावात मोठी मागणी असते. ग्रामोफोनने तो बाजार बसवल्यावर ती जमीन आणि गालिचे साफ करण्याच्या यंत्रांकडे वळली. ऐंशीच्या दशकात तिने ‘हाउसकीपर’ हे स्वस्त उभे यंत्र काढले, हूव्हरला जाहिरातींतून उघड आव्हान दिले आणि विक्रीचे आकडे डोळे दिपतील इतके वाढवले. परंतु बिघडलेली म्हणून परत येणारी यंत्रेही तितक्याच वेगाने साचत होती आणि ती हिशेबात दाखवली जात नव्हती. १९८८ साली हे उघडकीस आले, शेअरचा भाव कोसळला आणि पुढच्या वर्षी कंपनीच्या अध्यक्षांनी न्यायालयात फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. अमेरिकेत हिशेबतपासनीस घडवणाऱ्या अभ्यासक्रमांत हे प्रकरण आजही शिकवले जाते.

आता विचार करा की त्या काळातला, चालू स्थितीतला, मूळ पाइप आणि त्याला जोडायची सगळी तोंडे असलेला ‘हाउसकीपर’ किती जणांकडे उरला असेल. लोकांनी तो परत केला, नाही तर फेकला. जे यंत्र टिकावे म्हणून बनवलेच नव्हते, त्याचा शिल्लक राहिलेला नमुना हा त्या काळच्या सामान्य घराचा अधिक खरा पुरावा असतो. भारी यंत्र त्या घराच्या ऐपतीत नव्हते. नाक मुरडणाऱ्या संग्राहकांना हे सांगून पाहावे. बाजारभावाच्या भाषेत मात्र आपल्या घरच्यांचे म्हणणे आजपुरते खरे आहे, आणि ते आपल्या पथ्यावरच पडणारे आहे. जमेल तेव्हा ओहायोतल्या नॉर्थ कँटन येथील हूव्हर संग्रहालय आणि मिसूरी राज्यातल्या सेंट जेम्स येथील व्हॅक्यूम क्लीनरचे संग्रहालय पाहून घ्यावे. तेथे कोणत्या यंत्रांना जागा मिळाली आहे यापेक्षा कोणत्यांना मिळालेली नाही ते टिपून आणावे.

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात परदेशी बनावटीचे व्हॅक्यूम क्लीनर अधूनमधून दिसतात. विक्रेता प्रत्येकाला ‘ॲंटिक’ म्हणतो. यंत्र किती जुने आहे आणि ते मुळातच स्वस्त बनावटीचे आहे की नाही, हे जागेवर कसे ओळखावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : विक्रेत्याचे बोलणे चालू द्यावे आणि यंत्र उलटे करावे. तळाशी असलेली पाटी धातूची असून रिव्हेटने ठोकलेली आहे की कागदी किंवा प्लॅस्टिकचे लेबल चिकटवलेले आहे, हे प्रथम पाहावे. पाटीवर कंपनीचा पत्ता असेल तर तोही वयाचा साक्षीदार असतो. अमेरिकेत पाच अंकी झिप कोड १९६३ साली आला, म्हणून पत्त्यात तो असेल तर यंत्र त्यानंतरचे. आपल्याकडे पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. भारतीय बनावटीच्या कोणत्याही उपकरणाला हीच कसोटी लागू पडते. खोका मिळाला आणि त्यावर बारकोड असेल, तर तो सत्तरच्या दशकाच्या मध्यापूर्वीचा असूच शकत नाही. ब्रिटिश यंत्राच्या मूळ वायरीतल्या आतल्या तारा तांबड्या-काळ्या रंगाच्या असतील तर ते साधारण १९७० च्या आधीचे समजावे, तपकिरी-निळ्या असतील तर नंतरचे. मात्र वायर मधल्या काळात कोणी बदललेली नाही याची खात्री करून घ्यावी, कारण आपल्याकडचे मिस्त्री हातात येईल ती वायर जोडतात. अमेरिकेतल्या सिअर्स या दुकानाच्या ‘केनमोर’ यंत्रांवर मॉडेल क्रमांकात टिंबाच्या आधी तीन अंक असतात. ते यंत्र प्रत्यक्षात कोणत्या कारखान्याने बनवले हे त्या तीन अंकांवरून कळते. स्वत:चा कारखाना नसलेल्या दुकानांनी दुसऱ्यांकडून यंत्रे बनवून घेऊन त्यांवर आपले नाव लावण्याची पद्धत या धंद्यात फार जुनी आहे, आणि एकच बॉडी तीन रंगांत, तीन नावांनी शोधण्याची गंमत स्वस्त यंत्रांच्या संग्राहकालाच मिळते.

स्वस्त बनावटीची खूण वजनात सापडेल असे अनेकांना वाटते, परंतु ती खरी सापडते जोडांत. भारी यंत्रात स्क्रू धातूच्या आट्यांत बसतात. स्वस्त यंत्रात ते थेट प्लॅस्टिकच्या पोकळ खांबात पिळलेले असतात, आणि दोन-तीनदा उघडल्यावर त्या खांबाला उभी चीर जाते. एखादा स्क्रू नुसताच गोल फिरत राहिला तर ही चीर आत आहे असे समजावे. आणखी स्वस्त यंत्रात स्क्रूही नसतात, दोन अर्ध्या बॉड्या एकमेकींच्या खाचेत दाबून बसवलेल्या असतात आणि उघडताना त्यांचे टोक तुटायला टेकलेलेच असते.

शक्य झाले तर पंखा पाहावा. बऱ्याच उभ्या यंत्रांत आणि हातात धरायच्या छोट्या यंत्रांत ओढलेली धूळ आधी पंख्यातून जाते आणि मग पिशवीत पडते. गादीवरून ओढलेले नाणे, टाचणी, खडा, जे काही येईल ते त्या फिरत्या पात्यांवर आपटते. धातूच्या पात्याला अशाने पोचा पडतो, प्लॅस्टिकच्या पात्याचा मात्र तुकडाच उडतो. एक तुकडा उडाला की पंख्याचा तोल जातो, मोटर हादरू लागते आणि त्या हादऱ्याने बुश एका बाजूला झिजतो. म्हणून बाजारात यंत्र लावून पाहण्याआधी खालच्या तोंडातून बोट घालून (प्लग काढलेला आहे हे स्वत: पाहून) पाती एकेक करून चाचपावीत. सगळी पाती शाबूत असलेले स्वस्त यंत्र मिळणे ही, आमच्या मते, किमतीत घासाघीस न करता घेण्याजोगी गोष्ट आहे.

प्रश्न : माझ्याकडच्या ऐंशीच्या दशकातल्या यंत्राची पांढरी बॉडी पिवळी पडली आहे, पाइप हाताला चिकट लागतो आणि जेथे वायर गुंडाळून ठेवली होती तेथे प्लॅस्टिकवर वायरीचा ठसा उमटला आहे. हे दुरुस्त होईल का? (एक वाचक, मिसिसागा, कॅनडा)

उत्तर : आपल्या तीनही तक्रारींचे मूळ एकच नाही. पिवळेपणा हा बहुधा उजेडामुळे, विशेषत: त्यातल्या अतिनील किरणांमुळे आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे येतो, त्या काळी आग लवकर पेटू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये मिसळलेली ब्रोमीनयुक्त रसायने त्याला हातभार लावतात. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवल्यास रंग उजळतो, आणि तसे करणारे पुष्कळ आहेत. आमचे मत त्याच्या बाजूचे नाही. उजळलेला रंग बऱ्याचदा पुन्हा पिवळा पडतो, लेप सारखा बसला नाही तर ढग उमटल्यासारखे डाग राहतात, आणि आधीच ठिसूळ झालेल्या प्लॅस्टिकवर हा आणखी एक आघात असतो. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापडाने पुसावे आणि पिवळा रंग यंत्राच्या वयाचा भाग म्हणून राहू द्यावा. थिनर, पेट्रोल किंवा नखांचे रंग काढायचे द्रावण यांतले काहीही बॉडीला लावू नये. ॲसिटोनने हे प्लॅस्टिक विरघळते.

चिकट पाइप आणि वायरीचा ठसा यांचे कारण मात्र एकच. पीव्हीसी मुळात कडक असते. ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखी द्रव्ये मिसळतात आणि वर्षे गेली की ती हळूहळू पृष्ठभागावर झिरपतात. पाइप चिकट होतो तो त्यामुळे, आणि पुढे तोच पाइप कडक होऊन मोडतो तोही त्यामुळेच. हीच द्रव्ये शेजारच्या दुसऱ्या प्लॅस्टिकमध्ये शिरली की ते मऊ पडते आणि त्यावर वायरीचा वळसान्‌वळसा कोरल्यासारखा उमटतो. उमटलेला ठसा जात नाही. तो घासून काढण्याच्या प्रयत्नात मूळ चकाकी मात्र जाते. पुढची हानी टाळता येते : वायर दांड्यावर किंवा बॉडीवर गुंडाळून न ठेवता सैल वेटोळे करून सुती पिशवीत वेगळी ठेवावी, सोडवता येत नसेल तर मध्ये जाड सुती कापड घालावे, आणि यंत्र थर्माकोलच्या खाचेत कधीही ठेवू नये, कारण वायर थर्माकोललाही खात जाते. पाइप तीव्र वळण न देता आडवा ठेवावा.

आपण विचारलेले नाही, तरी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. मोटरभोवती किंवा हवा बाहेर पडते त्या जागी जो स्पंजासारखा फोम असतो, तो या वयात हात लावताच भुगा होतो. चालू केल्यास हा भुगा थेट मोटरमध्ये जातो, म्हणून तो आधी काढावा आणि त्याच जाडीचा नवा कापून बसवावा. आणि खालचा गोल ब्रश फिरवणारा रबरी पट्टा यंत्र ठेवून देताना उतरवावा. ताणलेल्या स्थितीत राहिलेला पट्टा त्याच आकारात कडक होतो आणि प्लॅस्टिकच्या आसाला कायम एका बाजूला ओढत राहतो.

प्रश्न : शिकागोला असताना जमवलेली पाच-सहा यंत्रे घेऊन आम्ही पुण्याला परतलो आहोत. ती येथे चालवता येतील का? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : थेट लावू नयेत, अमेरिकेतले यंत्र १२० व्होल्टचे आणि आपला पुरवठा २३० व्होल्टचा असल्यामुळे मोटर काही क्षणांत जळेल. तेथे ६० हर्ट्झ आणि येथे ५० हर्ट्झ याची मात्र काळजी नको. व्हॅक्यूम क्लीनरमध्ये कार्बन ब्रशवर चालणारी, मिक्सरमध्ये असते त्या जातीची मोटर असते आणि तिला या फरकाचे फारसे सोयरसुतक नसते.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर (२३० व्होल्टचा दाब १२० वर आणणारा) घ्यावा लागेल आणि तो यंत्राच्या मागणीपेक्षा बराच मोठा असावा. पाटीवर वॅट नसून अँपिअर लिहिलेले असतील. त्याला १२० ने गुणावे. ६ अँपिअरचे यंत्र ७२० वॅटच्या आसपास घेते, त्याला १,००० व्हीएचा (ट्रान्सफॉर्मरची क्षमता या एककात लिहितात) ट्रान्सफॉर्मर पुरेल. १२ अँपिअरच्या यंत्राची मागणी १,४४० वॅटपर्यंत जाते, तेथे २,००० व्हीएहून कमी घेऊ नये, कारण सुरू होताना मोटर क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह ओढते. प्रवासात मोबाइल किंवा दाढीचे यंत्र यांच्यासाठी वापरतात ते छोटे परिवर्तक येथे धोकादायक आहेत. ट्रान्सफॉर्मरवर ‘१२० व्होल्ट’ असे ठळक अक्षरांत लिहून ठेवावे आणि यंत्रांचे अमेरिकन चपटे प्लग कापून आपले प्लग बसवण्याचा मोह टाळावा. पुढे कोणीतरी ते यंत्र भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावणारच.

वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र एकदम पूर्ण दाबावर चालू करू नये. आधी पंखा हाताने फिरवून पाहावा. तो जड फिरत असेल तर बुशमधले तेल वाळलेले असते. हे बुश तेल शोषून ठेवणाऱ्या सच्छिद्र ब्राँझचे असतात आणि त्यांना शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब पुरतात. जास्त घातलेले तेल कम्युटेटरवर (कार्बन ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोल भागावर) उडते आणि कार्बनच्या भुकटीशी मिसळून तेथे चिखल करते. मग विजेच्या कामाच्या कोणत्याही जाणत्या मिस्त्रीकडे सिरीज बोर्ड असतो, त्यावर, म्हणजे मध्ये १०० वॅटचा पिवळा बल्ब ठेवून, पण ट्रान्सफॉर्मरच्या १२० व्होल्टच्याच बाजूला, यंत्र लावावे. बल्ब लागलीच त्या दाबावर शक्य तितक्या तेजाने पेटला आणि मोटर जागची हललीच नाही, तर आत शॉर्ट असू शकतो किंवा मोटर अडकलेली असू शकते, असे समजून तेथेच थांबावे. धातूची बॉडी आणि दोन पिनांचा प्लग अशी जोडी असलेल्या यंत्राची वायरीपासून बॉडीपर्यंतची गळती मेगरने (वायरीचे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासून घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये. तेवढ्या बाबतीत प्लॅस्टिकची स्वस्त बॉडी अधिक भरवशाची ठरते, हे भारी यंत्रांच्या चाहत्यांनी मान्य करायला हरकत नाही. ब्रशपाशी थोड्या ठिणग्या दिसणे साहजिक आहे. कम्युटेटरभोवती निळे वलय फिरताना दिसले तर मात्र ब्रश झिजले आहेत किंवा आर्मेचर (मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग) गेले आहे; स्वस्त यंत्राचे आर्मेचर रिवाइंड करायला यंत्राच्या किमतीच्या अनेकपट खर्च येतो, आणि तेवढ्यासाठी ते चालूच असले पाहिजे असा आग्रह धरू नये.

प्रश्न : माझ्या वडिलांनी १९९२ साली लंडनमध्ये विमानाच्या तिकिटांच्या योजनेसाठी घेतलेला हूव्हर खोक्यासह माळ्यावर सापडला. तो उघडावा की तसाच ठेवावा? (एक वाचक, वेम्ब्ली)

उत्तर : खोका आणि पावती असतील तर ते यंत्रापेक्षा मोलाचे आहेत. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, १९९२ च्या उन्हाळ्यात हूव्हरच्या ब्रिटिश शाखेने किमान १०० पौंडांची खरेदी करणाऱ्याला युरोपची आणि पुढे अमेरिकेचीही दोन मोफत विमान तिकिटे देऊ केली. तिकिटांची किंमत यंत्राच्या कितीतरी पट असल्यामुळे लोकांनी १०० पौंडांच्या जरासे वर असलेले सर्वांत स्वस्त व्हॅक्यूम क्लीनर शोधून उचलले, काहींनी तर एकाहून अधिक घेतले. कंपनीला या योजनेत सुमारे ५ कोटी पौंडांचा फटका बसला, वरिष्ठ अधिकाऱ्यांना जावे लागले आणि १९९५ साली हूव्हरचा युरोपातला व्यवसाय इटलीच्या कँडी कंपनीला विकला गेला. धूळ काढण्याची गरजच नसलेल्या माणसांनी विकत घेतलेली, न उघडलेली यंत्रे त्यानंतर कित्येक वर्षे ब्रिटनच्या जुन्या बाजारांत फिरत राहिली.

तेव्हा खोका एकदाच, काळजीपूर्वक उघडावा. तसाच बंद ठेवला तर आतले थर्माकोल, पॉलिथिन आणि वायर एकमेकांना चिकटून बसण्याचा धोका वर सांगितलाच आहे. वायर वेगळी करावी, पॉलिथिनची पिशवी काढून टाकावी, योजनेचे माहितीपत्रक असेल तर ते वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावे आणि खोका पुन्हा मिटावा. यंत्र चालवून पाहण्याचे काही कारण नाही. आपण वेम्ब्लीतच असल्यामुळे पेरिव्हेलची हूव्हर इमारत आपल्या येण्याजाण्याच्या वाटेवर असेल. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेला तो पांढराशुभ्र कारखाना आता राहत्या घरांचा आणि सुपरमार्केटचा झाला आहे.

प्रश्न : आमच्याकडे माळ्यावर ऐंशीच्या दशकातला युरोक्लीन आहे, जवळजवळ न वापरलेला. भंगारवाला वजनावर घ्यायला तयार आहे. द्यावा का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : देऊ नये. युरोक्लीन बनवणारी युरेका फोर्ब्ज ही कंपनी १९८२ साली स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सच्या भागीदारीतून उभी राहिली आणि टाय लावून दारोदार फिरणारे तिचे विक्रेते मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना चांगलेच परिचित झाले. पाश्चात्त्य देशांत जो विक्रीचा प्रकार तोपर्यंत मावळतीला लागला होता, तो आपल्याकडे तेव्हा उगवत होता. आपला युरोक्लीन त्या काळी मध्यमवर्गीयाला स्वस्त वाटण्याजोगा मुळीच नव्हता, त्यामुळे या सदराच्या विषयात तो काटेकोरपणे बसत नाही. तरीही आपल्या पत्रातला ‘जवळजवळ न वापरलेला’ हा तपशील महत्त्वाचा आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असलेल्या घरासाठी घडलेले हे यंत्र आपल्या शहाबादी फरशीच्या किंवा मोझॅकच्या घरांत आले, जेथे रोजचे काम झाडू आणि ओले फडके अधिक लवकर करीत. दिवाळीच्या सफाईत गाद्या आणि पंखे यांच्यापुरते ते बाहेर निघे आणि पुन्हा माळ्यावर जाई. अमेरिकेतल्या संग्राहकाला घासून झिजलेली यंत्रे मिळतात. आपल्याकडची बहुधा सगळ्या तोंडांसह, सूचनापुस्तिकेसह आणि कधीकधी हमीपत्रासह मिळतात, आणि ती वजनावर चालली आहेत.

डोंबिवलीसारख्या दमट हवेत ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नये. आत ओलावा कोंडतो आणि कम्युटेटरवर गंज चढतो. जुनी सुती चादर पुरते. पावसाळा संपल्यावर एकदा बाहेर काढून पंखा हाताने फिरवावा.

प्रश्न : जुन्या यंत्रात अर्धी भरलेली मूळ कागदी पिशवी सापडली, तर ती ठेवावी का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : रिकामी, न वापरलेली पिशवी अवश्य ठेवावी, ती फाटण्याआधी तिचे माप घेऊन कागदावर उतरवून ठेवावे, म्हणजे त्या मापाच्या पिशव्या शिवून घेता येतील. भरलेली पिशवी मात्र घराबाहेर, मास्क लावून, ओल्या कागदात गुंडाळून टाकावी. यंत्र अमेरिकेतून आलेले असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण तेथे घरांच्या रंगात शिसे मिसळण्यावर १९७८ साली बंदी आली आणि त्याआधीच्या घरांमधल्या धुळीत त्याचे कण असू शकतात. पिशवी काढल्यावर आतला कप्पा झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावा आणि ते फडकेही त्याच पुडक्यात बांधून टाकावे.

प्रश्न : एका यंत्राला जास्तीत जास्त किती पैसे द्यावेत? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : स्वस्त बनावटीचे यंत्र असेल तर ते आज जेवढ्याला भंगारात जाईल त्याच्या दुपटीपर्यंत निर्धास्त द्यावेत, खोका आणि सगळी तोंडे असतील तर आणखी थोडे. विक्रेत्याने त्याहून अधिक मागितल्यास त्याच्याकडून यंत्राऐवजी नुसती तोंडे आणि पाइप मागून पाहावेत. तोंडे आणि पाइप लोक यंत्रापासून वेगळे ठेवतात आणि पुढे तेच भाग मिळेनासे होतात.